प्रतवारी आणि पारख

दहावी-बारावीचे निकाल लागले की जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात एक निराळीच वर्दळ सुरू होते. एरवी मंगळवार-शनिवारची गर्दी असतेच; परंतु त्या दिवसांत दर्शनाच्या रांगेत हातात पेढ्यांचा पुडा आणि गुणपत्रिकेची घडी घेतलेली मंडळी हमखास दिसतात. पिंपळाखाली पहुडलेल्या त्या मूर्तीपुढे आई गुणपत्रिका ठेवते, मुलगा किंवा मुलगी ओशाळून बाजूला उभी राहते, आणि वडील सोबतच्यांना टक्केवारी सांगतात. हे दृश्य मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. ते मनाला प्रसन्न करणारे आहे यात शंका नाही. तथापि अलीकडे ते पाहताना मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. ज्या घरी त्या वर्षी पेढे आणले गेले नाहीत, त्या घरचे मूल आज कोठे असेल? ते देवळात आले असेल का, आणि आले असेल तर त्याने काय ठेवले असेल?

निकालांपाठोपाठ सत्कारांचा हंगाम येतो. समाजमंडळे, ग्रंथालये, गणेशोत्सव मंडळे, व्यापारी संघ अशा सर्वांना गुणवंतांची यादी हवी असते. शिक्षण खात्याकडेही याद्या असतात: परीक्षेतील प्रावीण्य, विकासखंड व जिल्हा स्तरावरील क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, चित्रकला, स्काउट-गाइड. सौंसर आणि पांढुर्णा भागातील शाळांची वर्षभराची ही सारी धडपड एका कागदावर उतरते, आणि मग व्यासपीठावरून एकेक नाव पुकारले जाते. आपल्यासारख्या, भोसल्यांच्या अमदानीपासून या भागात स्थिरावलेल्या मराठी घरांना तर या याद्यांविषयी विशेष आस्था. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या मुलांनी हिंदी मुलुखात नाव काढावे ही ओढ आपल्या मनात कायमची वसली. यादीत मराठी आडनाव दिसले की आपण ते दोनदा वाचतो. यात लपवण्याजोगे काही नाही.

प्रश्न असा, की या याद्यांनी आपण नेमके कशाचा गौरव करतो? आणि ज्यांची नावे यादीत नाहीत, त्यांचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. तो एका जुन्या चुकीतून आला, आणि ती चूक माझीच असल्यामुळे प्रथम ती सांगून टाकतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पांढुर्णा-सौंसर हा भाग छिंदवाडा जिल्ह्यातच होता. एका शाळेत भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. मांडणीच्या टेबलांवर थर्माकोलचे ज्वालामुखी, पेटणाऱ्या दिव्यांचे सौरमंडल, रंगीत पाण्याच्या नळ्या असे पुष्कळ काही होते. शेवटच्या टेबलावर एका संत्रा-बागाइतदार गावातल्या मुलाने बांबूच्या दोन लांब कामट्या उतरत्या ठेवून त्यांच्यातील फट खालच्या बाजूला रुंद होत जाईल अशा बांधल्या होत्या. वरून संत्री सोडली की लहान फळ वरच्या टोपलीत पडे, मध्यम मधल्या आणि मोठे शेवटच्या. हाताने निवड करणाऱ्या माणसांचा वेळ वाचावा, एवढाच हेतू. वस्तू ओबडधोबड होती. सुतळीच्या गाठी दिसत होत्या आणि दोन फळे चुकीच्या टोपलीत गेली.

मी त्याला विचारले, “हे कसे चालते?” त्याने उत्साहाने सांगायला सुरुवात केली, “सर, लहान संत्रं वरतेच पडते, मोठं खालतं जाते...” सोबतचे दुसरे परीक्षक मराठी जाणत नव्हते, म्हणून मी त्याला म्हणालो, “बाळ, हिंदीत सांग.” त्याने दोन शब्द उच्चारले, अडखळला, आणि गप्प झाला. खरे तर मी स्वतः भाषांतर करू शकलो असतो. ते मला त्या वेळी सुचले नाही. गुणपत्रकात ‘सादरीकरण’ असा एक रकाना होता; त्यात मी त्याला कमी गुण दिले. पहिला क्रमांक एका चकचकीत प्रतिकृतीला गेला. ती बहुतांशी मोठ्या माणसांच्या हातची आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होते. परंतु ती नेटकी होती, सांगणारी मुलगी न अडखळता बोलली, आणि पुढच्या फेरीत आपल्या भागाची लाज राहील असे आम्ही एकमेकांना सांगितले.

नियमाप्रमाणे पाहता मी काही गैर केले नव्हते. रकाने होते, गुण होते, बेरीज बरोबर होती. तरीही त्या दिवशी काही तरी चुकले, याची जाणीव मला घरी परतताना बसमध्येच झाली. नियम पाळूनही जे चुकते ते काय असते, याचा शोध म्हणजेच हा लेख.

संत्र्यांच्या व्यापारात ‘प्रतवारी’ हा शब्द नित्याचा आहे. फळे आकाराने निवडून वेगळी करायची आणि त्याप्रमाणे भाव ठरवायचा. मुलांच्या याद्या करताना आपणही प्रतवारीच करतो. प्रतवारीला एक सामायिक माप लागते आणि ते बाहेरून लावता येते. ‘पारख’ हा शब्द मात्र निराळा आहे. पारख करणाऱ्याला वस्तू हातात घ्यावी लागते, तिचे स्वतःचे गुण ओळखावे लागतात, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो. मी त्या दिवशी प्रतवारी केली होती. पारख करायची राहून गेली.

प्रतवारीच्या मापाविषयी थोडा विचार केला तर तिचे पाय किती मातीचे आहेत हे ध्यानी येते. एक उदाहरण आपल्या दारातलेच आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला जिल्हा दुभंगला. आता कल्पना करा, की एका विद्यार्थिनीला जुन्या जिल्ह्यात बारावा क्रमांक मिळाला असता. नव्या जिल्ह्यात तेवढ्याच गुणांवर ती पहिली येऊ शकते. तिच्या ज्ञानात तिळभरही भर पडलेली नाही. बदलली ती नकाशावरची एक रेघ. पहिलेपणा हा गुणाचा धर्म नसून तुलनेचा धर्म आहे, हे यातून उघड होते. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा गोष्टींचा एक वर्गच वेगळा काढला होता: ज्यांचे मोल केवळ इतरांच्या तुलनेतील स्थानावर अवलंबून असते, आणि म्हणून ज्या सर्वांना कधीच मिळू शकत नाहीत. ज्ञान सर्वांना मिळू शकते. पहिला क्रमांक एकालाच मिळतो. शाळेचे काम ज्ञान देण्याचे. आपण मात्र गौरव करतो तो क्रमांकाचा.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. जे गुण मिळाले त्यावर मुलाचा स्वतःचा हक्क किती? जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वचिंतकाने १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की जन्मजात बुद्धी आणि जन्माचे घर यांपैकी काहीच कोणी कमावलेले नसते. मेहनत करण्याची वृत्तीसुद्धा पुष्कळ अंशी घरातल्या वातावरणावर अवलंबून असते. हे सर्वस्वी मान्य केले तर कोणाचाच सत्कार करता येणार नाही, आणि कोणालाच दोषही देता येणार नाही. इतक्या टोकाला मी जाऊ इच्छित नाही. पहाटे उठून अभ्यास करणाऱ्या मुलीला ‘यात तुझे काही नाही’ असे सांगणे हा तिचा अपमान ठरेल. मात्र रॉल्सच्या म्हणण्यातील एक अंश नाकारता येत नाही. ज्या मुलाला संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत शाळा बुडवून टोपल्या वाहाव्या लागतात आणि ज्याला शिकवणीसाठी नागपूरला ठेवता येते, त्या दोघांच्या गुणांची बेरीज एकाच रकान्यात लिहिताना आपण पुष्कळ काही वगळलेले असते.

मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली एक उपरोधिक पुस्तक लिहिले. केवळ बुद्धी आणि श्रम यांच्या जोरावर ज्यांना वरचे स्थान मिळते अशांचा समाज त्याने त्यात कल्पिला. गंमत अशी की त्याने थट्टेसाठी रूढ केलेला शब्द पुढे लोकांनी आदर्श म्हणून स्वीकारला. यंगला भीती वाटत होती ती ही: जुन्या काळी गरिबाला निदान एवढे समाधान होते की आपण जन्माने मागे राहिलो, नव्या व्यवस्थेत त्याला सांगितले जाते की तू परीक्षेत हरलास, म्हणजे तू खरोखरच कमी आहेस. आपल्या याद्यांचे मौनही मागे राहिलेल्या मुलाला हेच सांगत असते.

यावर कोणी म्हणेल, मग याद्याच बंद करा. तसे झालेलेही आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने गुणवत्ता यादी प्रसिद्ध करणे केव्हाच थांबवले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२३ साली अनिष्ट स्पर्धा टाळण्यासाठी गुणवत्ता यादी नाही आणि प्रथम-द्वितीय-तृतीय श्रेणीही नाही, असे जाहीर केले. मध्यप्रदेशाच्या मंडळाने प्रावीण्य सूचीची प्रथा पुढे चालू ठेवली. याच राज्यात २०१६ साली अनुत्तीर्ण मुलांना पुन्हा संधी देणारी ‘रुक जाना नहीं’ ही योजनाही सुरू झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

यादी बंद केल्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. सधन घरच्या मुलाला यादीवाचूनही ओळख असते: चांगली शाळा, चांगली भाषा, ओळखीची माणसे. खेड्यातल्या मुलीला मात्र कित्येकदा यादीतील नाव हाच एकमेव पुरावा असतो. ‘आमची पोर हुशार आहे’ हे आईने दहा वेळा सांगून जे होत नाही ते व्यासपीठावरून एकदा पुकारलेल्या नावाने होते. लग्नाची बोलणी दोन वर्षे पुढे ढकलली जातात. २००५ साली मध्यप्रदेशात सुरू झालेली ‘गाँव की बेटी’ ही योजना बारावीत प्रथम श्रेणी मिळवणाऱ्या खेड्यातील मुलींना पुढील शिक्षणासाठी साहाय्य देते. येथे श्रेणी ही केवळ मिरवण्याची वस्तू नाही. तिच्यावर एखादीचे महाविद्यालय अवलंबून असते. म्हणून प्रतवारीला सरसकट वाईट म्हणणे हा ज्यांचे पोट भरलेले आहे अशांचा विचार होईल.

तेव्हा दोन्ही बाजूंनी सत्य आहे. यादी काहींना उचलते आणि पुष्कळांना झाकते. मग सत्कार करणाऱ्याने करावे तरी काय?

येथे मला दोन कथा आठवतात. एक परदेशातील आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले, तेव्हा तेथे चांगल्या मुलांना पदक लावण्याची पद्धत होती. एक मूल पदक मिळवून आपल्या कामात गढले होते. सामान इकडून तिकडे नेताना पदक खाली पडले. शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवलेल्या दुसऱ्या मुलाने ते उचलून दाखवले. काम करणाऱ्याने बेफिकिरीने पाहिले आणि तो पुन्हा कामाला लागला. शिक्षा झालेल्याने ते पदक स्वतःच्या छातीवर लावले आणि समाधानाने बसून राहिला. माँटेसरींनी यातून बोध घेतला तो असा की ज्याला काम सापडले आहे त्याला पदकाची भूक नसते. मला या प्रसंगातील दुसरे मूलही तितकेच महत्त्वाचे वाटते. ज्याला काम सापडलेले नाही, त्याला पदक हवे असते. त्याला पदक देणे ही दया झाली. काम सापडवून देणे हे शिक्षण.

दुसरी कथा आपल्या देवळाशी जोडलेली आहे. सीतेच्या शोधासाठी समुद्र कोणी ओलांडायचा हा प्रश्न पडला, तेव्हा सर्व वानर आपापली झेप किती योजनांची ते सांगू लागले. एका अर्थी ती प्रतवारीच होती. मारुती मात्र एका बाजूला गप्प बसला होता. ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःच्या बळाचे विस्मरण झालेले होते, अशी कथा आहे. जांबवंत उठून त्याच्याजवळ गेला आणि तू कोण आहेस, तुझ्यात काय आहे, हे त्याने त्याला सांगितले. मग ते उड्डाण घडले. उड्डाणाची कीर्ती मारुतीची, आणि ती योग्यच आहे. परंतु न बोलणाऱ्याकडे पाहणे हे काम जांबवंताचे होते. जामसांवलीला पहुडलेल्या त्या मूर्तीपुढे उभा राहिलो की मला नेहमी वाटते, आपल्या शाळांतून कितीतरी बळ असेच आडवे पडून आहे. त्याला नाव घेऊन उठवणारा कोणी तरी हवा.

राज्य शासनाने अलीकडे आपल्या ‘सीएम राइज’ शाळांना सांदीपनींचे नाव दिले आहे. उज्जैनीच्या त्या आश्रमातील दोन सहाध्यायी आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. एक द्वारकेचा स्वामी झाला; दुसऱ्याच्या घरी पोह्यांची पुरचुंडी जेमतेम निघाली. सांदीपनींनी यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी लावली असती तर सुदाम्याचे नाव तीत आले नसते. तरी आपण आश्रमाची आठवण काढतो ती या दोघांच्या मैत्रीमुळे. राजा झालेला मित्र दारिद्र्यात राहिलेल्या मित्राला पाहून सिंहासनावरून धावत आला, हा त्या शाळेचा खरा निकाल. पहिल्या आलेल्या आपल्या मुलांना न आलेल्यांविषयी काय वाटते, याची परीक्षा आपण कधी घेतो काय?

यातून मी ज्या निष्कर्षाला आलो तो साधा आहे. सत्कार बंद करू नयेत. सत्कारात पारख आणावी. तीन गोष्टी आपल्यासारख्या छोट्या संस्थांनाही सहज करता येतील. पहिली, नाव पुकारताना टक्केवारीबरोबर त्या मुलाने काय केले हे एका वाक्यात सांगावे, आणि ते मुलालाच त्याला येणाऱ्या भाषेत सांगू द्यावे. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि अर्जावर इंग्रजी अशा तीन भाषांच्या कात्रीत आपली मुले वाढतात. भाषांतर करणे हे मोठ्यांचे काम आहे. अडखळण्याचा दंड मुलाने भरावा हे न्याय्य नाही. दुसरी, प्रत्येक शाळेला गुणवंतांच्या यादीशिवाय आणखी एक नाव विचारावे: असे मूल, जे कोणत्याही यादीत आले नाही परंतु ज्याच्यात शिक्षकाला काही तरी दिसले आहे. काय दिसले ते शिक्षकाने लिहावे. ते लिहिण्यासाठी शिक्षकाला वर्गातल्या मागच्या बाकांकडे पाहावे लागेल, आणि हाच त्या विनंतीचा खरा लाभ. तिसरी, आपण परीक्षक म्हणून बसलो तर वस्तू कोणाच्या हातची आहे हे विचारल्याशिवाय गुण देऊ नयेत.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे. सगळ्यांचेच कौतुक करू लागलो तर कौतुकाला किंमत राहणार नाही. आक्षेप रास्त आहे. खोट्या कौतुकासारखी मुलांना लवकर ओळखू येणारी दुसरी गोष्ट नाही. म्हणूनच मी समान कौतुक मागत नाही. खरे कौतुक मागतो. ‘तूही छान’ हे वाक्य कोणालाच उभारी देत नाही. ‘तू बांधलेल्या फटीतून लहान फळ बरोबर खाली पडते’ हे वाक्य देते, कारण ते बोलणाऱ्याने आधी ते पाहिलेले असते. आणि जेथे दोष आहे तेथे तोही सांगता यावा. दोष दाखवणे हाही गांभीर्याने घेतल्याचाच एक प्रकार आहे.

त्या मुलाची गोष्ट पुरी करून थांबतो. काही वर्षांपूर्वी अंबिया बहाराच्या दिवसांत जामसांवलीलाच, देवळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका तरुण बागाइतदाराने मला नमस्कार केला. “सर, वळखलं का?” मी ओळखले नाही. त्याने कामट्यांची आठवण दिली. मला काय बोलावे सुचेना. मी त्या दिवशीच्या गुणांविषयी काही म्हणू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, “तो उतारच चुकला होता सर. लई जास्त होता. लहान फळ वेगानं फट ओलांडून पुढं जाये. घरी गेल्यावर कमी केला, मंग बराबर झालं.” त्याला क्रमांक आठवत नव्हता, उतार आठवत होता.

मला हायसे वाटले, आणि लगेच त्या हायसे वाटण्याची लाज वाटली. तो सावरला हे त्याचे कर्तृत्व. त्याने माझा दोष फिटत नाही. त्याच्यासारखे किती जण त्या गप्प होण्यानंतर पुन्हा बोललेच नसतील, हे मला कधीच कळणार नाही, कारण ते टपरीवर येऊन ओळख देत नाहीत. शिवाय त्याने सांगितलेली चूक मी त्याच दिवशी पाहिली होती. दोन फळे चुकीच्या टोपलीत गेली होती. मी तिचे गुण कापले. ‘उतार कमी करून पाहा’ एवढे मला म्हणता आले असते.

या वर्षीचे सत्कार होतील तेव्हा आपल्यापैकी अनेकांना व्यासपीठावर बसण्याचा मान मिळेल. हारतुरे आटोपल्यावर मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मुलाजवळ जाऊन ‘तू सध्या काय करतोस, दाखव पाहू’ एवढे विचारून यावे. उत्तर कोणत्याही भाषेत येवो. ते पुरे होईपर्यंत थांबावे, इतकीच विनंती आहे.